बाळ रडलं नाही तर? : शिकवणाऱ्यांच्या शिक्षणाबद्दल थोडं

आजचा भाग मुख्यतः एएनएम, जीएनएमचे वर्ग घेणाऱ्या मॅडम आणि सरांसाठी आहे. बाकीच्यांनीही ऐकायला हरकत नाही.

बाळ जन्मलं आणि श्वासच घेतला नाही, तर नर्सच्या हातात एकच मिनिट असतं. बाळाला कोरडं पुसायचं, ऊब द्यायची, पाठ चोळायची. तरी श्वास आला नाही तर बॅग-मास्कनं मिनिटाला ४० ते ६० या वेगानं श्वास द्यायचे. हे पेपरात मुली बरोब्बर लिहितात हो. पण मास्क नीट बसला नाही, की हवा बाजूनं निघून जाते आणि छाती हलतच नाही. ते हाताला कळावं लागतं.

हे हाताचं शिक्षण कसं द्यायचं, याचं उत्तम उदाहरण आपल्याच गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'नं १९९५ पासून ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी सुरू केली. आरोग्यदूत कोण होत्या? गावातल्याच, पाचवी ते दहावी शिकलेल्या बाया. पहिल्या वर्षी त्यांनी बाळं बघितली, तपासली, नोंदी केल्या. जंतुसंसर्गावर जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं नंतर आलं. दर १५ दिवसांनी डॉक्टर गावात येऊन त्यांचं काम तपासायचे. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. प्रशिक्षण एकदा देऊन कुणी मोकळं झालं नाही.

तिसऱ्या वर्षापर्यंत दर १००० जन्मांमागे नवजात मृत्यू ६२ वरून २५ च्या आसपास आले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशाताईंच्या गृहभेटी याच वाटेनं सुरू झाल्या.

आता बाळंतपणं बहुतेक दवाखान्यातच होतात. म्हणजे ते पहिलं मिनिट आता तुमच्या विद्यार्थिनीच्या वाट्याला आलंय. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद. जिवतीच्या डोंगरातही गाडी मिळेपर्यंत वेळ जातो. तिथे बालरोगतज्ज्ञ कुठून येणार? जे करायचं ते प्रसूतिगृहातल्या सिस्टरनंच.

सरकारचं 'नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रमा'चं दोन दिवसांचं प्रशिक्षण २००९ पासून आहे, चांगलंही आहे. पण सराव नसला की काही महिन्यांत हात विसरतो. शिकवणाऱ्यांचाही! वर्षानुवर्षं फळ्यावरच शिकवलेलं असलं, तर मुलींसमोर बाहुली हातात घ्यायला संकोच वाटतो. म्हणून आधी शिक्षकांनीच सहकाऱ्यांसमोर सराव करावा, चुका काढून घ्याव्यात. मग वर्गात आठवड्यातून दहा मिनिटं पुरतात. एकीनं बॅग दाबायची, दुसरीनं घड्याळ लावून फक्त छातीकडे बघायचं. बाहुली कपाटात कुलूप लावून ठेवू नका, 'खराब होईल' म्हणून तर अजिबात नको.

आणि एक. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. त्यातल्या एखाद्या भेटीला विद्यार्थिनींना सोबत पाठवा. दूध ओढणं कमी झालं, रडणं क्षीण झालं, हातपाय ढिले पडले, अंग गार लागतंय, हे आईच्या शेजारी बसून बघू द्या. आशाताई काय विचारतात आणि आई काय सांगते, तेही ऐकू द्या.