मेकॅनिकल व्हेप: ‘साधी नळी, तिच्यात काय बिघडणार?’

सांगली-तासगाव रस्त्यावरच्या माधवनगरच्या आसपास रात्रीच्या लाईटवर पिकाला पाणी पाजायला जाणारा शेतकरी जी चार्जिंगची बॅटरी हातात घेतो, ती उघडली तर आत बहुधा एक गोल सेल निघतो. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. या मापामुळेच त्याला १८६५० म्हणतात. मेकॅनिकल व्हेप या प्रकारच्या ई-सिगारेटच्या नळीतही बहुधा हाच सेल असतो. ओळखीची वस्तू दिसली की भीती राहत नाही आणि तरुण पोरं नळी खोलून तार बदलायला, बटण घासायला बसतात.

त्यांचा सगळ्यात मोठा गैरसमज असा, की आत सर्किटच नाही म्हणजे बिघडण्यासारखं काही नाही. वस्तुस्थिती उलटी आहे. नेहमीच्या व्हेपमधलं सर्किट कॉइलचा, म्हणजे तापणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचा, रोध मोजतं, शॉर्ट झालं तर वीज तोडतं, सेल फार उतरला की बंद पडतं. मेकॅनिकलमध्ये धातूची नळी, सेल, बटण आणि कॉइल, एवढंच. सेल आणि तार यांच्यामध्ये चूक अडवणारं काहीही नसतं.

‘रोध जितका कमी, तितका धूर जास्त’ हे खरं आहे, पण अर्धंच. नववीच्या विज्ञानातला ओहमचा नियम इथे लावून पाहा. पूर्ण चार्ज झालेला सेल ४.२ व्होल्ट देतो. कॉइल ०.५ ओहमची असेल तर प्रवाह ८.४ अँपिअर. ०.२ ओहमला तो २१ होतो आणि ०.१ ओहमला ४२. जास्त प्रवाहासाठी बनवलेले चांगले सेलही सतत २० ते ३० अँपिअरच्या आसपासच पेलतात. जुन्या लॅपटॉपच्या पॅकमधून काढलेल्या सेलची ताकद तर त्याहून पुष्कळ कमी. तारेचे दोन वेढे कमी केल्याने धुराबरोबर सेलवरचा ताणही वाढतो, आणि तो ताण डोळ्यांना दिसत नाही.

सेलवर छापलेल्या आकड्यावरही विसंबू नये. स्वस्त सेलवर ‘९९०० एमएएच’ असं सर्रास छापलेलं असतं. या मापाच्या सेलमध्ये त्याच्या निम्मीही क्षमता बसत नाही, त्यामुळे तो आकडा खोटाच. शिवाय एमएएच म्हणजे सेल किती वेळ पुरेल याचं माप. तो एका दमात किती प्रवाह सुरक्षितपणे देईल, हे त्यावरून कळत नाही.

धूर कमी झाला की कॉइल कमकुवत झाली, असंही धरून चालतात. पुष्कळदा दोष जोडात असतो: आट्यांवर साचलेला मळ, काळवंडलेली पिन, दबलेली स्प्रिंग. किंवा सेल नुसता उतरलेला असतो. ०.५ ओहमच्या कॉइलवर ४.२ व्होल्टला सुमारे ३५ वॉट मिळतात, ३.५ व्होल्टला साडेचोवीसच. उतरलेल्या सेलवर धूर वाढावा म्हणून ज्याने रोध कमी केला, त्याच्या सेलमधून पुढच्या पूर्ण चार्जला त्याने न मोजलेला प्रवाह वाहतो. बटण तापणं हीसुद्धा नेहमीची गोष्ट मानू नये. जोडात वीज अडते आहे, नाहीतर प्रवाह जास्त आहे, हे त्यातून कळतं.

‘सेलचं प्लास्टिक थोडं फाटलं तर काय होतं?’ हा प्रश्न सगळ्यात घातक. १८६५० सेलचा बाहेरचा सगळा डबा ऋण टोकाचा असतो, अगदी वर धन टोकाच्या कडेपर्यंत. मध्ये फक्त ते पातळ प्लास्टिक. ते फाटून डबा नळीला टेकला तर बटण न दाबताही कॉइल पेटू शकते, खिशातसुद्धा. धन टोकाजवळ फाटलं तर थेट शॉर्ट होऊ शकतो. काही नळ्यांत कॉइलची पिन सरळ सेलवर टेकते. ती पुरेशी बाहेर आलेली नसेल तर आट्यांचा धातूच धन टोकावर टेकतो आणि बटण दाबताक्षणी शॉर्ट होतो. तापलेला सेल वायू सोडतो. त्याला बाहेर पडायला भोकं नसली की बंद नळीत दाब साठतो आणि तुकडे उडतात, तेही तोंडासमोर. अमेरिकेत फ्लोरिडात २०१८ साली आणि टेक्सासमध्ये २०१९ साली अशा स्फोटांत माणसं दगावली आहेत.

धूर म्हणजे नुसती पाण्याची वाफ, हेही खरं नाही. त्यात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वादाची रसायनं, बहुधा निकोटीन आणि तापलेल्या तारेतून सुटलेल्या धातूंचे कण असतात. कॉइलमधला द्रव शोषणारा कापूस कोरडा पडून करपट चव आली, तर त्या उष्णतेत फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन तयार झालेलं असू शकतं.

कायद्याविषयीचा घोळ तर फारच आहे. १८ सप्टेंबर २०१९ चा अध्यादेश आणि त्याच वर्षी डिसेंबरात झालेला कायदा यांनी ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, वाटप आणि जाहिरात देशभर बंद केली. ‘आम्ही फक्त सुटे भाग मागवतो’ ही पळवाट चालत नाही, कारण कायद्यात पूर्ण वस्तू किंवा तिचा कोणताही भाग असे दोन्ही उल्लेख आहेत. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा ठेवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसतं ओढण्याला या कायद्यात वेगळी शिक्षा नाही, एवढ्यावरून काही जण ती वस्तू कायदेशीर समजतात. पण ती हातात येण्याचा प्रत्येक रस्ता गुन्ह्यातूनच जातो.

म्हणून ही नळी नीट कशी जुळवायची, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे: जुळवू नका. सेल बाहेर काढा, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा आणि घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. निकोटीनची सवय सोडायची असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक निःशुल्क आहे. त्यावर फोन करा.