अल्बुकर्क शहर आणि समलिंगी प्रवासी

अल्बुकर्क हे नाव आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असते. १५१० साली गोवा जिंकणारा तो पोर्तुगीज अफोन्सो द अल्बुकर्क. आज ज्या शहराची ओळख करून घ्यावयाची आहे, ते मात्र अमेरिकेच्या नैर्ऋत्येस न्यू मेक्सिको राज्यात आहे. त्याला नाव मिळाले ते दुसऱ्याच एका सरदारावरून. तो मेक्सिकोत स्पेनचा व्हाइसरॉय होता.

रिओ ग्रांदे नदीकाठी १७०६ साली हे शहर वसले. पूर्वेला सांदिया पर्वत आहे. स्पॅनिश भाषेत सांदिया म्हणजे कलिंगड. मावळतीच्या उन्हात डोंगर तसाच लालसर दिसतो. येथे मुळात प्वेब्लो लोकांची मातीच्या घरांची खेडी. मग स्पॅनिश आले, १८४६ साली अमेरिकेची फौज आली, १८८० साली आगगाडी आली. आज शहरातले जवळजवळ निम्मे लोक हिस्पॅनिक आहेत.

आता तुम्ही म्हणाल, असे शहर कोणीही पाहावे. समलिंगी प्रवाशाचे त्यात वेगळे ते काय? डोंगर सर्वांना सारखाच दिसतो. पण नवराबायकोने हॉटेलात एक खोली मागितली तर कोणी मान वर करून बघत नाही. जोडीने राहणाऱ्या दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी ती मागितली, तर पुष्कळ ठिकाणी "खोली शिल्लक नाही" असे उत्तर मिळते. काही देशांत तर तुरुंगाची भीती असते. म्हणून असा प्रवासी तिकीट काढण्यापूर्वी तिथला कायदा बघतो.

न्यू मेक्सिकोने समलिंगी संबंध गुन्हा मानणारा कायदा १९७५ सालीच काढून टाकला. शेजारच्या टेक्सासमध्ये तो २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवीपर्यंत टिकला होता. त्याच २००३ साली न्यू मेक्सिकोने आणखी एक पाऊल टाकले. गिऱ्हाईक समलिंगी आहे म्हणून हॉटेल, खाणावळ वा दुकानदाराने त्याला नाकारता कामा नये, घरमालकाने घर नाकारता कामा नये, असा नियम केला. डिसेंबर २०१३ मध्ये राज्याच्या न्यायालयाने अशा जोडप्यांच्या विवाहाला मान्यता दिली. साऱ्या देशात ती २०१५ साली मिळाली.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. शहराभोवतालच्या आदिवासी भूमीवर त्या त्या जमातीचे स्वतःचे कायदे चालतात. नावाहो लोकांनी २००५ साली कायदा करून स्त्री-पुरुषांचाच विवाह मान्य ठरविला. उलट, पश्चिमेकडील झुनी लोकांत वेव्हा नावाची व्यक्ती होऊन गेली. जन्माने पुरुष, पोशाख व कामे पुष्कळशी स्त्रियांची, विणकामात आणि कुंभारकामात निष्णात. जमातीत तिला मोठा मान होता. १८८६ साली ती वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्षांना भेटली. तेव्हा "जुन्या लोकांना हे ठाऊकच नव्हते" असे सरसकट म्हणता येत नाही.

प्रवाशाने काय करावे? जुन्या गावठाणातला चौक आणि तिथले १७९३ सालचे चर्च पाहावे. राज्यातल्या १९ प्वेब्लो जमातींनी मिळून चालविलेले सांस्कृतिक केंद्र पाहावे. प्वेब्लो खेड्यांत गेल्यास विचारल्याशिवाय छायाचित्र काढू नये. ऑक्टोबरात मोठ्या फुग्यांचा उत्सव भरतो. तेव्हा खोली फार आधी ठरवावी. शहर पाच हजार फुटांहून उंच व कोरडे आहे, म्हणून पाणी वरचेवर प्यावे.

जेवायला बसलात की वाढपी विचारतो, "लाल की हिरवी?" म्हणजे मिरचीची चटणी कोणती घालू? हा त्या राज्याचा अधिकृत प्रश्नच आहे. आपली मिरचीदेखील मूळची अमेरिका खंडातलीच, पोर्तुगिजांबरोबर आलेली. तेव्हा मराठी माणसाला हे जेवण परके वाटणार नाही.

आपल्या देशातही २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्हा नाही असे ठरविले. विवाहाचा हक्क मात्र २०२३ साली मान्य केला नाही. कायद्याने दार उघडते. आत आलेल्याला "बसा" म्हणणे हे माणसांच्याच हाती असते. आपल्या गावात उद्या असे दोघे पाहुणे आले, तर इतरांना विचारतो तेवढेच त्यांना विचारावे: प्रवास कसा झाला, आणि जेवायला काय चालेल?