दोन दिनार आणि परतीचा शब्द

लूककृत शुभवर्तमानाच्या १०व्या अध्यायातला चांगला शोमरोनी जखमा बांधणारा म्हणून सर्वांना ठाऊक आहे. मला त्याची दुसऱ्या दिवसाची सकाळ जास्त मोलाची वाटते. यरुशलेमहून यरीहोकडे सुमारे हजार मीटर खाली उतरणारी ती ओसाड वाट. तिथे त्याने अनोळखी माणसाच्या जखमांवर तेल, द्राक्षारस ओतला, त्याला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेलं. सकाळी निघताना तिथल्या माणसाच्या हातावर दोन दिनार, म्हणजे मजुराची दोन दिवसांची कमाई, ठेवले. वर जास्त लागलं तर परतताना देण्याचा शब्द दिला. यहुदी ज्यांना परकं मानत, त्या शोमरोन्यांतला हा माणूस! आपला शेजारी कोण, असं विचारणाऱ्या शास्त्र्याला येशूने ही गोष्ट सांगून उलट विचारलं, की त्या जखमीचा शेजारी कोण झाला?