ट्रकला हवी वेगळी वाट!

संध्याकाळच्या वेळी नेवासा फाट्यावर पाच मिनिटं उभं राहा, महाराष्ट्रातली सगळी चाकं डोळ्यांसमोरून जातील. पुण्याहून छत्रपती संभाजीनगरला निघालेला ट्रेलर, शनिशिंगणापूरचं दर्शन घेऊन परतणारी कार, खचाखच भरलेली एसटी, घोडेगावच्या बाजारात कांदा उतरवून आलेला टेम्पो. गळीत हंगाम सुरू असेल तर सोनईच्या ‘मुळा’ किंवा भेंड्याच्या ‘ज्ञानेश्वर’ कारखान्याकडे डुलत जाणारा दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टरही त्यात आलाच. वेग वेगळे, वजनं वेगळी, रस्ता मात्र एकच! अवजड गाड्या आणि प्रवासी गाड्या वेगळ्या करायच्या खटपटी जगभर चालू आहेत. त्यातल्या काही भन्नाट गोष्टी पाहू या.

१. ज्युलियस सीझरची ‘नो एन्ट्री’

शहरात दिवसा अवजड वाहनांना बंदी ही आजची कल्पना नाही. इसवी सनापूर्वी ४५ च्या सुमाराला ज्युलियस सीझरच्या काळातल्या कायद्यानं रोम शहरात दिवसाचे पहिले दहा तास मालाच्या गाड्यांना मज्जाव केला. देवळांच्या बांधकामाचं सामान नेणाऱ्या गाड्यांना सूट होती. म्हणजे बंदी आणि ‘अत्यावश्यक सेवा वगळून’ ही तळटीप, दोन्ही दोन हजार वर्षांपूर्वीच्या!

२. वजन दहापट, झीज दहा हजारपट

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास चाचणीसाठी रस्ते बांधून त्यांवर ट्रक अखंड पळवले गेले. त्यातून निघालेला ठोकताळा रस्ता बांधणारे अभियंते आजही वापरतात: रस्त्याची झीज अ‍ॅक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताच्या पटीत वाढते. एका अ‍ॅक्सलवर एक टन आणि दुसऱ्यावर दहा टन भार असेल, तर दुसऱ्यानं होणारी झीज दहा नव्हे, दहा हजारपट! आपल्याकडे २०१८ मध्ये चार टायरच्या एका अ‍ॅक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ दिसते १.३ टनांची. याच ठोकताळ्यानं गणित मांडलं, तर अशा एका अ‍ॅक्सलमागे झीज साठ टक्क्यांनी वाढते. ट्रकची लेन वेगळी असेल तर तेवढीच लेन जाड आणि दणकट बांधता येते, हा त्याचा मोठा फायदा.

३. फक्त सहा सेकंद

धोका नुसत्या वेगात नाही, वेगातल्या फरकातही असतो. दोन गाड्या ताशी ८० किलोमीटरनं एकामागोमाग चालल्या, तर अंतर जिथल्या तिथे राहतं. आता पुढे ताशी २० किलोमीटरनं चाललेला उसाचा ट्रॅक्टर आहे आणि मागून ८० च्या वेगानं कार येतेय असं धरा. दर सेकंदाला अंतर जवळपास १७ मीटरनं घटतं. शंभर मीटरवर दिसलेली ट्रॉली सहा सेकंदांत बोनेटसमोर! रात्री हेडलाइटचा झोत खाली असेल आणि ट्रॉली पन्नास मीटरवर आल्यावरच दिसली, तर हातात उरतात तीन सेकंद. त्यातला एखादा सेकंद तर पाय ब्रेकवर जाईपर्यंतच संपतो.

४. एका महामार्गात चार रस्ते

ट्रक आणि कार वेगळे करण्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेतला न्यू जर्सी टर्नपाइक. १९५१ मध्ये खुला झालेला हा महामार्ग पुढे रुंद करताना त्याच्या मोठ्या भागात प्रत्येक दिशेला दोन स्वतंत्र रस्ते केले गेले. आतला फक्त कारसाठी. बाहेरच्यावर ट्रक, बस आणि हवं असेल तर कारही. मध्ये पक्का कठडा. एका रस्त्यावर अपघात झाला, तर फलक बदलून वाहतूक दुसऱ्यावर घेता येते. अडचण एकच, जागा! एवढी रुंदी प्रत्येक गावाजवळ मिळत नाही.

५. भिंत नाही, कॅमेरा आहे

मुंबई–पुणे एक्स्प्रेस वेवर कठड्याऐवजी शिस्तीवर भिस्त आहे. अवजड वाहनांनी डावी लेन धरायची, उजवी लेन फक्त ओव्हरटेकसाठी मोकळी ठेवायची. सपाट भागात कारला ताशी १००, अवजड वाहनांना ८०. जुलै २०२४ पासून लेन मोडणाऱ्यांवर कॅमेऱ्यांची नजर आहे. शिस्त का हवी याचं गणित सोपं आहे. ७६ च्या वेगानं चाललेल्या ट्रकला ८० च्या ट्रकनं ओलांडायचं म्हटलं, तर पाऊण मिनिटाहून जास्त वेळ आणि एक किलोमीटरहून जास्त रस्ता लागतो. तोवर मागच्या सगळ्या गाड्या अडकून पडतात. समृद्धी महामार्गाचा हिशोबही असाच: कारला १२०, ट्रकला ८०, आणि दुचाकी–तीनचाकींना प्रवेशच नाही.

६. बाप्पा आले, ट्रक थांबले

रस्ता वाटता येत नसेल तर वेळ वाटून घ्यावी. गणेशोत्सवात चाकरमानी कोकणात निघाले की मुंबई–गोवा महामार्गावर १६ टनांवरच्या वाहनांना ठरावीक दिवस बंदी असते. दूध, इंधन, औषधं, भाजीपाला यांना मुभा. जर्मनीत साडेसात टनांवरच्या ट्रकना दर रविवारी रात्री दहापर्यंत बंदी असते. स्वित्झर्लंडमध्ये रात्री दहा ते पहाटे पाच ट्रक उभे. तिथले लोक शांत झोपतात, चालकही झोपतो!

७. ट्रकच रेल्वेत बसला

यातली सर्वांत झकास युक्ती आपल्या कोकणची. १९९९ मध्ये कोकण रेल्वेनं रो-रो सेवा सुरू केली. रायगडमधल्या कोलाडला मालानं भरलेले ट्रक थेट रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवायचे आणि गोव्यातल्या वेर्ण्याला उतरवायचे. घाटवळणं टळतात, डिझेल वाचतं, चालकाला आराम मिळतो आणि रस्ता कारवाल्यांना मोकळा. २०२५ च्या गणेशोत्सवात तर याच मार्गावर कारसाठीही रो-रो सुरू झाली.

८. शिर्डीची गर्दी, नेवाशाचे ट्रक

आता पुन्हा आपल्या गावात. नगर–मनमाड रस्त्यावर काम निघालं किंवा शिर्डीत गर्दी उसळली की अवजड वाहतूक विळद–शेंडी बायपासवरून नेवासा, कायगाव, गंगापूर, वैजापूर, येवला अशी वळवण्याचे आदेश निघतात. त्यामागे आहे मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ११५. बंदी महिनाभराच्या आतली असेल, तर राजपत्रात छापणंही गरजेचं नाही. स्थानिक पातळीवर जाहीर केली की पुरे. साईभक्तांचा रस्ता हलका होतो, पण तो भार नेवासा फाट्यावर येतो. गावची शाळकरी मुलं त्याच रस्त्यानं सायकलवर जातात. ट्रक एका गावातून दुसऱ्या गावात सरकवणं म्हणजे वेगळे करणं नव्हे, हे आदेश काढताना ध्यानात राहायला हवं.

९. पांढरी, पिवळी, लाल

नियमानं ट्रकला चमकणारी पट्टी लागते: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. अंधारात नुसत्या रंगावरून कळतं की समोरच्या वाहनाची कुठली बाजू आपल्याकडे आहे. उसाच्या ट्रॉलीची गंमत वेगळीच. मागच्या फळीवर रिफ्लेक्टर असतो, पण ऊस फळीबाहेर लोंबतो आणि वाढ्यांखाली रिफ्लेक्टर झाकला जातो. ट्रॉली भरून झाल्यावर मागे जाऊन एकदा पाहिलं, वाढे बांधून घेतले आणि लोंबत्या टोकाला एक रिफ्लेक्टर लटकवला, तर मागच्याला ते तीन सेकंद सहा होऊन मिळतात.

मग नेवाशात काय करायचं?

न्यू जर्सीसारखे चार रस्ते इथे मागायला नकोत. फाट्यावर आणि घोडेगाव, वडाळा इथे दोन्ही बाजूंना सलग सर्व्हिस रोड हवा, म्हणजे ट्रॅक्टर, टायरगाडी आणि सायकल महामार्गावर चढणारच नाही. थकलेला चालक कडेला अंधारात ट्रक लावतो, कारण दुसरी जागाच नसते. त्याच्यासाठी दिवे, पाणी, स्वच्छतागृह असलेला ट्रक तळ हवा. मार्ग वळवायचा आदेश निघाला की नेवाशात शाळा भरण्या–सुटण्याच्या वेळा सोडून ट्रक सोडावेत. कारखान्यांनी रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली गेटवर वजनाला घेऊच नये.

ट्रकवाला काही कारवाल्याचा वैरी नाही. आपल्या घरातला कांदा, साखर, सिमेंट, औषध त्याच्याच पाठीवरून आलेलं असतं. वाट वेगळी मिळाली तर तोही सुखरूप घरी पोहोचतो. पुढचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत ही मागणी ग्रामसभेत मांडा, ठराव करून घ्या आणि तो बांधकाम विभागापर्यंत पोहोचवा.