प्रथिन-किरीट

रक्तात किंवा अन्य शरीरद्रवात शिरलेल्या अब्जांश कणांवर (सु. १ ते १०० नॅनोमीटर व्यासाच्या कणांवर) प्रथिनांचे जे आवरण चढते, त्याला प्रथिन-किरीट म्हणतात. डब्लिन (आयर्लंड) व लुंड (स्वीडन) येथील केनेथ डॉसन, सारा लिन्स प्रभृतींच्या २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून ही संज्ञा रूढ झाली.

निर्मिती : कण रक्तात शिरताच विपुल व चपळ प्रथिने, उदा., अल्ब्युमीन, त्याच्या पृष्ठभागाला प्रथम चिकटतात. पुढे प्रमाणाने कमी, परंतु पृष्ठभागाशी अधिक आसक्ती असलेली प्रथिने त्यांची जागा घेतात. काचेसारख्या पृष्ठभागांवरील अशी अदलाबदल लिओ व्ह्‌रोमान यांनी १९६० नंतरच्या दशकात अभ्यासिली होती. तिला ‘व्ह्‌रोमान परिणाम’ म्हणतात. घट्ट बसलेल्या थरास कठीण व सैल थरास मृदू किरीट म्हणतात.

अभ्यासपद्धती : कण रक्तद्रवात मिसळून केंद्रोत्सारक यंत्राने वेगळे करतात व धुतात. नंतर त्यांवरील प्रथिने सोडवून द्रव्यमान वर्णपटमापनाने ओळखतात. धुताना मृदू किरीट बहुधा निघून जाते, ही या पद्धतीची मोठी मर्यादा होय.

महत्त्व : कोशिकांना मूळ कण नव्हे, तर हे आवरण प्रथम भेटते. विशिष्ट कोशिकांकडे जाण्यासाठी कणावर जोडलेला ट्रान्सफेरीन रेणू किरीटाखाली झाकला जाऊन निष्प्रभ होतो, असे २०१३ मध्ये डब्लिन येथील प्रयोगांत आढळले. काही प्रथिनांमुळे यकृत व प्लीहा यांतील महाभक्षी कोशिका कण गिळून टाकतात. अन्यत्र जावयाच्या औषधाला हा अडथळा असला, तरी काळा आजाराचे परजीवी याच कोशिकांत राहत असल्याने तेथे तो उपकारक ठरतो. मेदपुटिकांत (लायपोसोमांत) भरलेले अँफोटेरिसीन बी हे औषध या रोगावर गुणकारी आहे. त्याच्या चिकित्सालयीन चाचण्यांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील नीलिमा क्षीरसागर व त्यांचे सहकारी यांचा महत्त्वाचा वाटा आहे. अमेरिकेत २०१८ मध्ये मान्यता मिळालेल्या पॅटिसिरान या औषधाचे मेदकण तर रक्तातील अपोलिपोप्रोटीन ई धारण करूनच यकृत कोशिकांत शिरतात.

किरीटाचे घटक रुग्ण व रोग यांनुसार बदलतात. त्यामुळे परीक्षानळीत यशस्वी ठरलेला कण शरीरातही तसाच वागेल, असे गृहीत धरता येत नाही.