फौजीची कंबर आणि पेन्शनचा हक्क

१ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. आपल्या समाजात आजोबा, वडील आणि मुलगा असे तिघेही फौजेत गेलेली घरे आहेत. नोकरी संपवून आलेल्या या माणसांची एक तक्रार वारंवार ऐकू येते : कंबर धरते, पाय बधिर होतो, तासभर एका जागी बसवत नाही. घरचे म्हणतात, "वय झालं." पण हे दुखणे नोकरीमुळे जडले असेल किंवा नोकरीत वाढले असेल, तर त्यासाठी अपंगत्व पेन्शन मागता येते. ती मेहेरबानी नाही, हक्क आहे.

कंबर का जाते?

पाठीच्या दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. पाठीवर वजन घेऊन चढउतार, दारूगोळ्याच्या पेट्या उचलणे, कच्च्या रस्त्यावर ट्रकमध्ये बसणारे हादरे, पॅराशूटची उडी, यांचा ताण तिच्यावर येतो. गादी सरकून नस दबली की कळ कमरेतून पायात उतरते. हे बहुतेक वेळा कमरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत घडते. सैन्याच्या कागदांवर ते 'पीआयव्हीडी', 'लंबर स्पॉन्डिलोसिस' किंवा 'लो बॅकएक' असे लिहिलेले असते.

मात्र एमआरआयमध्ये झीज दिसली म्हणजे दावा सिद्ध झाला असे नाही. अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या एमआरआयमध्येही झीज दिसते. म्हणून दुखणे केव्हा, कुठे आणि कोणत्या कामावर असताना सुरू झाले, याची कागदोपत्री नोंद फार महत्त्वाची.

नियम काय सांगतो?

निवृत्तीच्या वेळी जवान खालच्या मेडिकल कॅटेगरीत असेल, तर रिलीज मेडिकल बोर्ड बसते. ते दोन गोष्टी ठरवते. अपंगत्व किती टक्के, आणि ते सेवेमुळे झाले किंवा सेवेत वाढले का. अपंगत्व निदान २० टक्के हवे आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'होय' हवे. पाठीच्या अनेक दाव्यांत बोर्ड 'झिजेचा आजार, शांत ठाण्यावर सुरू झाला, सेवेशी संबंध नाही' असा शेरा मारते आणि अर्ज तिथेच अडतो.

येथे न्यायालयांचे निकाल कामी येतात. धरमवीर सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर जवान निरोगी होता असे धरायचे. आजार सेवेमुळे नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची, आणि शंकेचा फायदा जवानाला. केवळ शांत ठाण्यावर आजार सुरू झाला म्हणून पेन्शन नाकारता येत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये म्हटले आहे. तरीही प्रत्येक दावा मान्य होतोच असे नाही. कारणे देऊन लिहिलेल्या बोर्डाच्या मताला न्यायालय वजन देते.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्या तारखेपासून पुढे सेवेतून बाहेर पडलेल्यांनी आपल्याला कोणते नियम लागू आहेत, हे आधी विचारून घ्यावे.

रकमेचा हिशेब

जुन्या नियमांत १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के इतकी जादा रक्कम मिळते. पगार ४०,००० असेल तर २० टक्क्यांना महिना २,४०० रुपये. पण ५० पेक्षा कमी टक्के असतील तर ते ५० धरण्याची तरतूद आहे. मग हीच रक्कम ६,००० होते. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही हा लाभ मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार खटल्यात डिसेंबर २०१४ मध्ये स्पष्ट केले.

उशीर मात्र महागात पडतो. दावा वर्षानुवर्षे उशिरा केला, तर थकबाकी साधारण मागच्या तीन वर्षांचीच मिळते.

काय करावे?

• मेडिकल बोर्डाची कार्यवाही (फॉर्म एएफएमएसएफ-१६), दवाखान्याची डिस्चार्ज पत्रे आणि असल्यास इंज्युरी रिपोर्ट जमा करा. कागद हरवले असतील तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागा. महार रेजिमेंटचे रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागर येथे आहे.
• नकाराचे पत्र आले की सहा महिन्यांत पहिले अपील करा. तेही फेटाळले तर दुसरे अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे.
• अर्ज लिहिण्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.
• वकिलाच्या खर्चाला घाबरू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जातीचा दाखला सोबत ठेवा.

उपचार थांबवू नका

"पाठ बरी झाली तर पेन्शन बंद होईल" या भीतीने काहीजण फिजिओथेरपी टाळतात. ही भीती निराधार आहे. ७ फेब्रुवारी २००१ च्या आदेशानुसार कायम ठरवलेले अपंगत्व आयुष्यभरासाठी असते. जवानाने स्वतः मागितल्याशिवाय पुन्हा तपासणी होत नाही. ईसीएचएस कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमध्ये दाखवा. आठवडेच्या आठवडे अंथरुणावर पडून राहू नका. झेपेल तितके चाला, शिकवलेले व्यायाम रोज करा, वजन आटोक्यात ठेवा आणि तंबाखू सोडा.

लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाऊल उचलता येईनासे झाले, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा. अशा वेळी काही तासांचा उशीरही कायमचे नुकसान करू शकतो.

आपल्या वस्तीत कंबर धरून चालणारा एखादा माजी सैनिक असेल, तर त्याला एवढेच विचारा, "काका, मेडिकल बोर्डाचा कागद जपून ठेवलाय का?" कागद सापडला की पुढचे अपील लिहिता येते.