तुंबलेली मोरी आणि घरातील यतना

नेरुळ आणि सीवूड्स यांच्या लगत, खाडीच्या काठी करावे हे जुने आगरी-कोळी गाव आहे. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि पुढे गावाभोवती आखीव सेक्टर उभे राहिले. गावठाणातील गल्ल्या मात्र अरुंदच राहिल्या आणि घरे जागा मिळेल तशी वर चढली. अशा इमारतींत वरपासून खालपर्यंतच्या स्वयंपाकघरांचे पाणी बहुधा एकाच उभ्या नळीतून उतरते. खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असेल, तर मोरीचे तुंबलेले पाणी खालच्या मालावर ठिबकायला वेळ लागत नाही. मग घाईघाईने हार्डवेअरच्या दुकानातून भुकटीची पुडी आणली जाते, आणि खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

या पुडीत मुख्यतः कॉस्टिक सोडा असतो. काहींत अ‍ॅल्युमिनियमचे कणही मिसळलेले असतात. पाणी लागताच सोडा तापतो आणि साचलेल्या तुपातेलाचा साबण बनवतो. अ‍ॅल्युमिनियममुळे हायड्रोजन वायू निघून पाणी खदखदते. कधी नळी मोकळी होते. होत नाही तेव्हा तेच दाहक पाणी सिंकमध्ये तुंबून राहते आणि नंतर रबरी पंप मारणाऱ्याच्या डोळ्यांत त्याचा थेंब उडू शकतो. त्याच पाण्यावर संडास धुण्याचे अ‍ॅसिड ओतणे तर अपघाताला बोलावणे आहे. अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र आले तर क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य मोजले आहे. ही पुडी त्यात बसते की नाही, यावर व्यापारी वाद घालू शकतील. ती ओतल्यावर नळीतील झुरळांचे आणि अळ्यांचे काय होते, यावर मात्र वाद नाही.

पाणी तसेच साचू द्यावे, तर तेही निर्दोष नाही. प्रज्ञापना सूत्रात संमूर्च्छिम मनुष्यांच्या उत्पत्तीची चौदा स्थाने सांगितली आहेत, त्यांत नगराची गटारेही आहेत. उष्टे पाणी दोन घडी, म्हणजे 48 मिनिटे, साचू न देण्याचा नेम अनेक घरांत पाळतात तो याच जाणिवेतून. एकीकडे साचण्याचा दोष, दुसरीकडे जाळण्याचा. या दोहोंमधला मार्ग म्हणजे मोरी लवकर आणि हाताने मोकळी करणे. सुदैवाने हाच मार्ग नळीच्याही हिताचा आहे.

प्रथम तुंबारा कोठे आहे ते पाहावे. एकच सिंक अडले असेल तर दोष जवळचा. घरातील सर्व मोऱ्या एकदम अडल्या तर तो उभ्या नळीत किंवा खालच्या चेंबरमध्ये. सिंकखाली बाटलीच्या आकाराचा सापळा असतो, त्यालाच प्लंबर बॉटल ट्रॅप म्हणतात. त्याखाली बादली ठेवून तळाची वाटी हाताने फिरवली की ती निघते, आणि निम्म्याहून अधिक वेळा चोर तेथेच सापडतो: चहाचा चोथा, भाताची शिते, पिठाचा चिकट गोळा, त्यावर तुपाचा थर. हा गाळ दुसऱ्या मोरीत ओतू नये. जीवजंतू दिसल्यास त्यांना सावलीच्या, कोरड्या जागी सोडावे आणि उरलेले ओल्या कचऱ्यात द्यावे. पाच समित्यांपैकी उत्सर्ग समिती साधूंसाठी सांगितली असली, तरी टाकण्यातील काळजी गृहस्थालाही शोभते.

सापळा स्वच्छ असूनही पाणी उतरत नसेल, तर रबरी पंप वापरावा. पुष्कळांचा हा पंप फुकट जातो, कारण हवा दुसरीकडून निसटते. सिंकचे वरचे जास्त पाण्याचे छिद्र आणि जोडसिंक असल्यास दुसरे तोंड ओल्या फडक्याने घट्ट बंद करावे. पंपाची वाटी बुडेल इतके पाणी ठेवावे आणि पंधरा-वीस वेळा दाबून-ओढावे. ढकलण्यापेक्षा ओढण्यानेच गोळा सुटतो. न्हाणीघरात केस आणि साबणाची गुंतवळ असते. तेथे तारेची लवचीक स्प्रिंग हळूहळू फिरवत आत सारावी आणि अडथळा लागला की फिरवतच बाहेर ओढावी.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांची बरीच कीर्ती आहे. फेस छान येतो, दुर्गंधी थोडी कमी होते. पण दोन्ही एकमेकांना निष्प्रभ करतात, आणि घट्ट गोळ्यापुढे या फेसाचे फारसे चालत नाही. उकळते पाणीही टाळावे: जीवहिंसा तर आहेच, शिवाय पीव्हीसीची नळी 60 अंश सेल्सियसच्या वर नरम पडू लागते. हाताला सोसेल इतके कोमट पाणी पुरते.

रोगाचे मूळ स्वयंपाकघरात आहे. ऊन पाण्याबरोबर वितळून गेलेले तूप पुढे नळीत गार होऊन थिजते, त्याला पीठ चिकटते, आणि घेर महिन्यागणिक कमी होतो. जेवण झाल्यावर ताट धुऊन ते पाणी पिण्याची जुनी रीत आता थोड्याच घरांत उरली आहे. अन्नाचा कण वाया जाऊ नये हा तिचा हेतू, पण त्या घरांच्या मोरीत तूपही जात नाही. ज्यांना ते जमत नाही त्यांनी कढई कागदाने पुसून मग धुवावी आणि तोंडावर बारीक जाळी बसवावी.

चेंबरच भरले असेल तर घरातील पंपाचा उपयोग नाही. नवी मुंबईचा सखल भाग भरतीच्या पातळीला लागून आहे, म्हणून पावसाचे पाणी ओहोटीपर्यंत धरून ठेवणारे धारण तलाव येथे बांधले गेले. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली की तळमजल्याने धीर धरावा. अशा वेळी कोणाला पैसे देऊन चेंबर किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा आहे. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांविना असे काम करून घेण्यास मनाई केली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये गटारातील मृत्यूची भरपाई 30 लाख रुपये ठरवली. आत साचलेला हायड्रोजन सल्फाइड माणसाला क्षणात बेशुद्ध करतो. वरच्या मजल्यावरून ओतलेले अ‍ॅसिड तो वायू आणखी मोकळा करू शकते. सोसायटीने यंत्राची गाडीच बोलवावी.

मोरीचे पाणी शेवटी महानगरपालिकेच्या मलप्रक्रिया केंद्रात जाते. तेथे ते सूक्ष्म जीवच शुद्ध करतात, त्यांना अ‍ॅसिड आणि ब्लीच मानवत नाही. पुढे खाडी आहे. टी. एस. चाणक्य या नौकानयन प्रशिक्षण संस्थेमागच्या पाणथळीवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी उतरतात, ते करावे गावापासून दूर नाही.

एक गोष्ट यात्रेला किंवा गावी जाणाऱ्यांसाठी. नहाणी ट्रॅपमधील पाण्याचा थर गटाराचा वायू आणि झुरळे अडवतो. घर काही आठवडे बंद राहिले की तो आटतो. परतल्यावर येणारी दुर्गंधी तुंबल्याची असेलच असे नाही. पुडी आणण्याआधी प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतून पाहावे.